आम्ही ते नव्हेत

११ सप्टेंबर २००१ च्या मंगळवारी आम्हाला जागे केले ते वडिलांच्या फोनने. आम्ही तेव्हा फिनिक्सच्या एका उपनगरात राहत होतो. ॲरिझोनाचे घड्याळ त्या दिवसांत न्यू यॉर्कच्या तीन तास मागे असते, त्यामुळे आमच्याकडे सकाळचे जेमतेम साडेसहा वाजले होते आणि भारतात संध्याकाळचे सात. "अरे, टीव्ही लाव," एवढेच ते म्हणाले. आमच्याच देशातली, म्हणजे तेव्हा आम्ही राहत होतो त्या देशातली बातमी आम्हाला मुंबईहून कळली. अर्ध्या तासाने दक्षिणेकडचा मनोरा कोसळला, तेव्हा आमची पहिलीतली मुलगी दूध पीत त्याच पडद्याकडे पाहत होती आणि टीव्ही बंद करायचे आम्हा दोघांपैकी कोणालाही सुचले नाही.

त्या दिवशी २,९७७ माणसे मारली गेली. त्या सकाळविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात भर घालण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या आठवड्यांविषयी, आमच्या इमारतीतल्या दोन शेजाऱ्यांविषयी आणि मी स्वतः उच्चारलेल्या एका वाक्याविषयी.

बुधवारपासून आमच्या भारतीय मित्रमंडळींत सूचनांची देवाणघेवाण सुरू झाली. दाढी असेल तर काढून टाका, रात्री एकट्याने पेट्रोल भरायला जाऊ नका, बायकांनी काही दिवस सलवार-कमीज घालू नये, गाडीला झेंडा लावा. झेंडे तोवर दुकानांतून संपले होते. रस्त्याने निघाले की घराघरांवर, पुलांवर, ट्रकच्या मागच्या बाजूला तेच तारे आणि पट्टे दिसत, आणि बहुतेक ठिकाणी ते दुःखाचे आणि एकजुटीचे चिन्ह होते यात मला शंका नाही. आमच्या गाडीवर मात्र तो झेंडा ढाल म्हणून लागला होता. शोक आम्हालाही होता, पण झेंडा लावताना मनात शोक नव्हता, हे इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नसावी.

शनिवारी, १५ तारखेला, आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांच्या अंतरावर मेसा शहरात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्या स्वतःच्या पेट्रोल पंपासमोर गोळ्या घालून ठार करण्यात आले. पंपाभोवती फुलझाडे लावण्याचे काम ते त्या वेळी पाहत होते. मूळचे पंजाबचे, दाढी आणि पगडी असलेले हे गृहस्थ. त्याच दिवशी खरेदीला गेले असता मृतांच्या कुटुंबीयांसाठी चाललेल्या निधीत त्यांनी खिशातले पैसे टाकले होते. मारेकऱ्याने त्यानंतर आणखी एका पंपावरच्या लेबनीज वंशाच्या माणसावर आणि एका अफगाण कुटुंबाच्या घरावर गोळ्या झाडल्या. सुदैवाने तेथे कोणाला इजा झाली नाही. ११ सप्टेंबरनंतरच्या सूडाच्या हत्यांमधली ही पहिली म्हणून ओळखली जाते. अमेरिकेच्या तपासयंत्रणेकडे २००० साली मुस्लिमविरोधी द्वेषगुन्ह्यांच्या २८ घटना नोंदल्या गेल्या होत्या; २००१ साली त्या ४८१ झाल्या. ज्यांनी पोलिसांत जाण्याचे टाळले त्यांची गणती अर्थातच या आकड्यात नाही.

रविवारी सकाळी आमच्या दारावर थाप पडली. दारात आमच्या शेजारच्या आजीबाई उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, एका शाळेच्या उपाहारगृहात नोकरी करून निवृत्त झालेल्या आणि एकट्या राहणाऱ्या. त्यांचे आणि आमचे संबंध चांगले होते असे म्हणता येणार नाही. आमच्या प्रेशर कुकरच्या शिट्टीबद्दल त्यांनी त्याच वर्षी इमारतीच्या व्यवस्थापकाकडे दोनदा लेखी तक्रार केली होती, आणि दुसऱ्या तक्रारीनंतर माझ्या पत्नीने त्यांच्याकडे पाहून हसणे सोडून दिले होते. त्या दारात उभ्या राहून, नमस्कार-चमत्कार न करता, म्हणाल्या की सोमवारपासून मुलीला शाळेच्या बसपर्यंत मी नेईन. बस आवाराच्या फाटकाशी, मोठ्या रस्त्यावर थांबत असे. कुत्र्याला घेऊन मी त्याच वेळी तिकडे जाते, तेव्हा मला वेगळे कष्ट नाहीत, असेही त्यांनी सांगितले. हे खरे नव्हते. त्यांचा कुत्रा म्हातारा होता आणि दहाच्या आत घराबाहेर पडत नसे.

मी आभार मानले आणि त्यांनी काहीही विचारलेले नसताना म्हणालो, "खरे तर आम्ही मुसलमान नाही. आम्ही हिंदू आहोत. आम्ही ते नव्हेत."

त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी ते विचारले नव्हते." मग मुलगी किती वाजता निघते एवढे विचारून गेल्या.

या उत्तराने मला अपमान झाल्यासारखे वाटले आणि ते का वाटले हे कळायला बरेच दिवस लागले. सहिष्णुता हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्यात सहन करणे आहे, म्हणजे कोणीतरी कोणाचे तरी अस्तित्व सोसून घेते आहे आणि त्याबद्दल त्याचे कौतुक व्हावे अशी अपेक्षा आहे. अशा सहिष्णुतेला आधी ओळखपत्र लागते. तू कोण, कोणत्या बाजूचा, तुझा निषेध पुरेसा झाला का, हे तपासून झाले की मग ती दार उघडते. आजीबाईंनी दार माझे ठोठावले होते आणि ओळखपत्र मागितले नव्हते. मीच ते घाईघाईने पुढे केले. त्यांच्या मदतीला मी पात्र आहे हे सिद्ध करताना, जो 'ते' आहे तो पात्र नाही, हे मी न बोलता मान्य करून टाकले होते.

आमच्याच जिन्याने खाली, पहिल्या मजल्यावर, एक पाकिस्तानी कुटुंब राहत होते. नवरा माझ्यासारखाच संगणकाच्या कंपनीत, बायको घरी, मुलगा माझ्या मुलीपेक्षा एका वर्षाने मोठा. येता-जाता सलाम-नमस्कार होई, क्रिकेटच्या सामन्यांवर बोलणे होई. त्या रविवारी, त्या सोमवारी, त्या संबंध आठवड्यात मी त्यांच्या दारावर थाप मारली नाही. पायऱ्या उतरताना त्यांच्या खिडकीचे पडदे बंद दिसत आणि मी पावले उचलून पुढे जाई. बुधवारी मुलीकडून कळले की आजीबाईंच्या एका हाताला ती असते आणि दुसऱ्या हाताला खालचा मुलगा. कुत्र्याचा पट्टा मुलगी धरते.

सोढींच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रांतून एक शब्दप्रयोग सर्रास वापरला गेला: गैरसमजातून झालेली हत्या. शीख माणसाला मुसलमान समजून मारले, असा त्याचा अर्थ. वस्तुस्थिती म्हणून ते बरोबर असेल, पण त्या वाक्याच्या पोटात शिरून पाहिले की अंगावर काटा येतो, कारण गैरसमज झाला नसता, समोरचा माणूस खरोखरच मुसलमान असता, तर ती हत्या कमी चुकीची ठरली असती की काय, असा प्रश्न त्यातून निघतो. आपल्या माणसांना वाचवण्यासाठी 'आम्ही मुसलमान नाही' असे सांगत सुटणे शीख समाजाला सोपे होते. 'आम्ही शीख आहोत' हे त्यांनी जरूर सांगितले, पण 'आम्हाला नको, त्यांना मारा' असा ज्याचा अर्थ निघेल ते वाक्य टाळण्याचा विवेक त्यांच्यातल्या पुष्कळांनी दाखवला. तो माझ्यापाशी नव्हता. टेक्सासमध्ये त्याच सुमारास एकाच माणसाने तीन दुकानांत तिघांवर गोळ्या झाडल्या. वकार हसन हे पाकिस्तानी, वासुदेव पटेल हे भारतीय, रईस भुइयाँ हे बांगलादेशी. पहिले दोघे गेले. भुइयाँ एका डोळ्याची दृष्टी गमावून वाचले आणि पुढे त्याच माणसाची फाशी रद्द व्हावी म्हणून त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. २०११ च्या जुलैमध्ये ती शिक्षा अखेर अमलात आलीच. मी ज्या ओळखपत्रावर एवढा विसंबून होतो, ते पटेलांपाशीही होते.

पुढे वाचताना कळले की माझे वाक्य नवेही नव्हते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर अमेरिकेतल्या कित्येक चिनी माणसांनी 'मी चिनी आहे' असे लिहिलेले बिल्ले कोटाला लावले होते. जपानी वंशाच्या माणसांना लावण्यासाठी कोणता बिल्ला उरला नव्हता. १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेऊन ठेवण्यात आले, आणि त्यांतले सुमारे दोनतृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. घरे, दुकाने, शेते मिळेल त्या भावाने विकावी लागली किंवा तशीच सोडून जावी लागली. अशा वेळी शेजारी बहुधा खरेदीदार होतो.

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या फ्लोरिन गावी बॉब फ्लेचर नावाचा एक तरुण मात्र तसा झाला नाही. तो सरकारी नोकर, शेतमालाची तपासणी करणारा. नोकरीच्या निमित्ताने जपानी वंशाच्या द्राक्षबागायतदारांशी त्याची ओळख होती. आमचे कर आणि कर्जाचे हप्ते तेवढे भर, बाकीचा सगळा नफा तुझा, अशा बोलीवर त्सुकामोटो, निट्टा आणि ओकामोटो या तीन कुटुंबांच्या बागा त्याने सांभाळाव्यात असे त्याला विचारण्यात आले. बागाईतीचा त्याला फारसा अनुभव नव्हता. त्याने नोकरी सोडली आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या नव्वदेक एकरांत राबू लागला. राहायला मालकाचे रिकामे घर होते, पण तो मजुरांच्या खोलीत राहिला. गावातली माणसे त्याला नावे ठेवत. एकदा कोणीतरी खळ्याजवळच्या कोठारावर गोळीही झाडली. १९४५ मध्ये कुटुंबे परत आली तेव्हा जमीन त्यांच्याच नावावर होती, फ्लेचरने नफ्यातला निम्माच वाटा घेतला होता आणि उरलेला त्यांच्यासाठी बँकेत ठेवला होता. त्याच्या बायकोने त्यांचे घर झाडून-पुसून ठेवले होते. २०१३ साली वयाच्या १०१ व्या वर्षी तो वारला.

या माणसाच्या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मजुरांची खोली. गोळीला न भिणे ही मोठी गोष्ट आहेच, परंतु तीन वर्षे रोज रात्री, समोर मोठे घर मोकळे असताना, ते आपले नाही एवढे लक्षात ठेवून पाठ टेकायला कोपऱ्यातल्या खोलीत जाणे, यासाठी लागणारी शिस्त वेगळ्या जातीची असते. तिची बातमी होत नाही.

छावणीत गेलेल्या मुलांमध्ये सॅन होजेचा दहा वर्षांचा नॉर्मन मिनेटा होता. आगगाडीत चढताना सैनिकांनी त्याच्याकडची बेसबॉलची बॅट काढून घेतली; ते शस्त्र ठरू शकते म्हणे. हाच मुलगा २००१ साली अमेरिकेचा परिवहनमंत्री होता. ११ सप्टेंबरच्या सकाळी साडेचार हजारांहून अधिक विमाने काही तासांत जमिनीवर उतरवली गेली ती त्याच्या खात्याच्या अखत्यारीत. दोन दिवसांनी मंत्रिमंडळ आणि काँग्रेसचे नेते यांच्या बैठकीत अरब आणि मुस्लिम नागरिकांचा विषय निघाला, तेव्हा १९४२ साली नॉर्मनच्या बाबतीत जे झाले ते पुन्हा होऊ द्यायचे नाही, असे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्याच्या देखत सांगितले. बुश यांच्या पुढच्या निर्णयांविषयी माझे मत अजिबात चांगले नाही, पण १७ सप्टेंबरला वॉशिंग्टनच्या मशिदीत जाऊन ते बोलले याचे मोल मी त्या दिवशी स्वतः अनुभवले. कचेरीतले सहकारी दुसऱ्या दिवशी थोडे मोकळे बोलू लागले होते. छावण्यांमध्ये बालपण गेलेली जपानी वंशाची वृद्ध माणसे त्या दिवसांत मुस्लिम शेजाऱ्यांच्या सभांना, प्रार्थनांना जाऊन उभी राहिली. त्यांच्यासाठी त्या वेळी कोण उभे राहिले नव्हते, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

परतवलेल्या विमानांपैकी ३८ विमाने कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर, गँडर या दहाएक हजार वस्तीच्या गावी उतरली, आणि साडेसहा हजारांहून अधिक माणसांना त्या पंचक्रोशीने चार-पाच दिवस घरांत, शाळांत, प्रार्थनागृहांत ठेवून घेतले. शाळांच्या बसचालकांचा संप चालू होता. तो बाजूला ठेवून ते गाड्या घेऊन आले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, सर्वांना आवडते, मलाही आवडते. तरीही एक आगाऊ मत मांडतो. अडलेल्या पाहुण्याला चार दिवस जेवू घालण्यापेक्षा, ज्याच्याकडे सगळे गाव संशयाने पाहते आहे त्या कायमच्या शेजाऱ्यासोबत चार महिने चालणे अवघड असते, कारण पाहुणा निघून गेल्यावर गावात तुमचे नाव होते आणि संशयिताबरोबर चालल्यावर ते जाते. सिएटलमध्ये १३ सप्टेंबरला एका मशिदीच्या आवारातल्या गाड्या पेटवण्याचा आणि नमाजाहून निघालेल्यांवर गोळ्या झाडण्याचा प्रयत्न झाला. त्यानंतर आसपासच्या वस्तीतली माणसे पाळ्या लावून दिवसरात्र त्या मशिदीसमोर बसली. पहाटे तीनची पाळी कोणी घेतली असेल, थंडीत बसून ती माणसे काय बोलली असतील, हे जाणून घ्यायला मला फार आवडेल.

सोढींच्या शोकसभेला फिनिक्समध्ये हजारो माणसे आली. त्यांत मी होतो. मागच्या रांगांत उभा होतो. भारतातून आलेल्या त्यांच्या पत्नीला त्या गर्दीतले कोणीच ओळखत नव्हते. आपल्याबरोबर रडायला ही परकी माणसे आली, याबद्दल तिने पुढे त्यांचे आभार मानले. तेथून परत येताना मी पहिल्या मजल्यावर थांबलो आणि बेल वाजवली. अकरा दिवस उशीर झाला होता. भाईसाहेबांनी दार उघडले, मला आत बोलावले, चहा दिला. त्या अकरा दिवसांविषयी ते काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी सरकारने एक नोंदणी सुरू केली. पंचवीस देशांतल्या, जवळजवळ सगळ्या मुस्लिमबहुल अशा देशांतल्या, सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी, ते कायमचे रहिवासी नसतील तर, इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन बोटांचे ठसे, फोटो आणि शपथेवर जबानी द्यायची. यादीत पाकिस्तान होते. भारत नव्हता. मी दारात उभा राहून जे म्हटले होते ते आता राजपत्रात छापून आले होते. डिसेंबर २००२ मध्ये लॉस एंजेलिसला आपण होऊन नोंदणीला गेलेल्या शेकडो माणसांना तेथेच अटक झाली, तेव्हा भाईसाहेबांच्या घरात काय झाले असेल याची कल्पना करावी. या योजनेत ८० हजारांहून अधिक पुरुषांनी नोंदणी केली आणि १३ हजारांहून अधिक जणांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी मला विचारले की गाडीने मला सोडाल का आणि बाहेर थांबाल का. कचेरीसमोर उतरण्यापूर्वी त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिले, पाकीट दिले, घराची किल्ली दिली आणि एका चिठ्ठीवर वकिलाचा आणि लाहोरच्या मोठ्या भावाचा नंबर लिहून दिला. चिठ्ठी आधीच लिहिलेली होती. फक्त घडी नीट घातली. "सहापर्यंत आलो नाही तर आधी वकिलाला," ते म्हणाले. मग कोट ठीक केला आणि आत गेले. मी गाडीत बसून राहिलो. रांगेतले पुरुष एकेक करून आत जात होते, पुष्कळांच्या अंगावर मुलाखतीला घालावेत तसे कपडे होते, आणि रस्त्याच्या पलीकडे दोन-तीन बायका थर्मास आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसल्या होत्या. त्या कोण, कोणत्या संस्थेच्या, मी विचारले नाही. त्यांतली एक येऊन मला कॉफी देऊन गेली आणि तिनेही मला काही विचारले नाही. मी पाकिस्तानी नाही, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आले होते. या वेळी मी ते गिळले.

साडेपाचला ते बाहेर आले. बोटांना अजून शाई होती. गाडीत बसल्यावर त्यांनी आधी घड्याळ मागून घेतले आणि मनगटावर बांधले, मग बायकोला फोन केला. घरी पोहोचलो तेव्हा अंधारत आले होते. शाळा सुटल्यावर दोन्ही मुलांना आजीबाईंनी आपल्याकडे ठेवून घेतले होते. तो मुलगा वडिलांना पाहून धावला आणि माझी मुलगी त्याच्यामागून कुत्र्याला घेऊन आली. आजीबाई दारात उभ्या राहून भाईसाहेबांकडे वरपासून खालपर्यंत बघत होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, की घाईत गाडी माझ्या जागेत लावली आहेस, ती आधी काढ.